नक्कल बाहेर कशी पडते?

बुलडाणा जिल्ह्यात ज्याच्या नावावर चार एकर वावर आहे, त्याला 'नक्कल' या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आता सातबारा मोबाइलवर निघतो हे खरे. पण आजोबांच्या काळचा फेरफार हवा असेल, तर अजूनही तहसिलीची पायरी चढावी लागते. अर्ज द्यायचा, शुल्क भरायचे आणि वाट पाहायची. मूळ दप्तर त्या खोलीच्या बाहेर कधी येत नाही. बाहेर येते ती नक्कल. तिच्यावर शिक्का असतो, खाली सही असते, मुळाशी ताडून पाहिल्याचा शेरा असतो, आणि एवढे सगळे झाल्यावर तिची जावक नोंद होते. शिक्का नसेल तर तो कागद रद्दीच्याच भावाचा.

आज ज्या कचेरीची हकिगत मी सांगणार आहे, ती मात्र डोळ्यांना दिसत नाही. ती तुमच्या-माझ्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे, वावरातल्या पऱ्हाटीच्या पानात आहे, आणि त्या पऱ्हाटीचे बोंड पोखरणाऱ्या अळीतही आहे. तिचे नाव केंद्रक. तिथेही मूळ दप्तर आत कुलुपात आणि नक्कल तेवढी बाहेर, हाच नेम. ती नक्कल बाहेर नेण्याचे काम काही प्रथिने करतात. त्यांची ही गोष्ट.

आरंभीच एक कबुली दिलेली बरी. मी मराठीचा एम. ए.; माझा संबंध व्याकरणाशी आणि ओव्यांशी. या विषयाच्या नादी मला लावले ते माझ्या मामाने. मामा मोताळ्याकडचा, कपाशीचा जुना शेतकरी. २०१७ च्या हंगामात त्याने मला वावरात नेले आणि वरून हिरवेगार दिसणारे एक बोंड माझ्या हातावर फोडले. आत कापूस नव्हताच. डागाळलेली कवडी आणि तिच्यात एक गुलाबी अळी. मामा म्हणाला, "तू कॉलेजात सर हायेस नं? मंग सांग बरं, बियाण्यातच औषध हाय म्हणतात, तं हे अयी जित्ती कशी रायली?" बियाणे कोणत्या कंपनीचे होते ते इथे सांगत नाही, त्या वर्षी अनेकांच्या वावरात हेच चित्र होते. मामाच्या डोक्यावर पीककर्ज होते आणि धाकटीचे लग्न ठरलेले होते. मला उत्तर आले नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना मी तोच प्रश्न विचारला. त्यांनी अळीचे नावही न काढता फळ्यावर एक गोल काढला आणि म्हणाले, "हे केंद्रक." मला वाटले, गृहस्थ प्रश्न टाळत आहेत. ते टाळत नव्हते हे कळायला मला तास-दीड तास लागला.

तर मग त्या गोलापासूनच सुरुवात करू. केंद्रकाभोवती दुहेरी पडदा असतो. आत डीएनए, म्हणजे मूळ दप्तर. त्यातल्या एकेका नोंदीला जनुक म्हणतात. जनुकात लिहिलेले असते ते बहुधा एखादे प्रथिन कसे बांधायचे याचे वर्णन. पण प्रथिने बांधणारी यंत्रे, ज्यांना रायबोसोम म्हणतात, ती पडद्याच्या बाहेर, पेशीद्रवात. हुकूम आत आणि कारागीर बाहेर! मग हुकूम कारागिराकडे नेतो कोण? नेतो तो एक निरोप्या. जनुकाची नक्कल उतरवलेला आरएनएचा लांब धागा, ज्याला संदेशवाहक आरएनए म्हणतात. असा निरोप्या असतो हे १९६१ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले.

जिवाणूंच्या पेशीत मात्र ही भानगडच नाही. त्यांना केंद्रक नसते. त्यांचे दप्तर उघड्यावर, आणि नक्कल उतरवणे चालू असतानाच कारागीर तिचे वरचे टोक धरून कामाला लागतात. शिक्का नको, जावक नको. ही गोष्ट लक्षात ठेवा. मामाच्या कपाशीकडे परत जाताना ती लागणार आहे.

केंद्रक असलेल्या पेशीत नक्कल उतरायला लागली रे लागली की तिच्या माथ्यावर एक टोपी चढते. तोच पहिला शिक्का. टोपी ओळखणारी दोन प्रथिने लगेच येऊन तिला धरतात. पुढचे काम काटछाटीचे. १९७७ मध्ये असे आढळले, आणि तेव्हा ते कोणाला खरे वाटेना, की आपल्या जनुकांत कामाच्या मजकुराच्या मधेमधे बिनकामाचा मजकूरही असतो. तो कापून उरलेले तुकडे नीट जोडावे लागतात. जिथे जोड पडला, त्याच्या किंचित आधी प्रथिनांचा एक गट बसवला जातो. 'येथे जोडकाम झाले आहे' असा जणू शेराच. शेवटी मजकुराच्या खालच्या टोकाला 'येथे कापा' अशी खूण आली की नक्कल कापली जाते आणि तिला ए या एकाच अक्षराची लांब शेपटी जोडली जाते. माणसाच्या पेशीत ही शेपटी दोनशेच्या वर अक्षरांची असते. शेपटीलाही धरणारी प्रथिने आहेत. म्हणजे पाहा, नक्कल उघडी कधीच नसते. आपण तिला आरएनएचा धागा म्हणतो, पण केंद्रकात प्रत्यक्षात हिंडते ते प्रथिनांनी नखशिखान्त मढवलेले एक गाठोडे.

या प्रत्येक पायरीवर ट्रेक्स नावाचा प्रथिनांचा एक समूह नकलेला चिकटत जातो. त्यात युएपी-५६ आणि ॲली ही दोन नावे ध्यानात राहिली तरी पुरे. टोपी, जोड आणि शेपटी यांवरच्या प्रथिनांशी यांची ओळख असते. म्हणून नक्कल जितकी रीतसर तयार झालेली, तितके हे समूह तिच्यावर पक्के बसतात. मग ॲली आपल्या हातातला माल एका जोडगोळीच्या हाती देते. तिचे नाव एनएक्सएफ-१ आणि एनएक्सटी-१. हे खरे हमाल. यीस्टमधला यांचा भाऊबंद १९९७ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला सापडला. माणसातल्या हमालाचे काम लक्षात आले ते वर्षभराने, आणि तेही माकडाच्या एका विषाणूमुळे! तो विषाणू आपला अर्धाकच्चा निरोप बाहेर नेण्यासाठी कोणाला हाताशी धरतो हे शोधत गेले, तेव्हा हा हमाल सापडला. चोराच्या मागे गेल्याने घराचे दार कळावे, तसेच हे झाले.

आता दार. केंद्रकाच्या पडद्याला भोके असतात. यीस्टच्या पेशीत सुमारे दोनशे, माणसाच्या पेशीत साधारण दोन-तीन हजार. भोक म्हटले म्हणून भिंतीचे छिद्र समजू नका. सुमारे तीस प्रकारच्या प्रथिनांच्या पाचशे ते हजार प्रती एकत्र येऊन एकेक दार बनते. मधली वाट मिलिमीटरच्या सुमारे पंचवीस हजाराव्या भागाइतकी, आणि तीही मोकळी नाही. दाराच्या आतल्या अंगाला प्रथिनांचे लोंबते धागे दाटीने भरलेले असतात. खामगावच्या जिनात पिंजलेल्या कापसाचा ढीग ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी तसा कापूस दारात कोंबला आहे असे समजावे. बारीक-सारीक रेणू त्यातून सहज निसटतात. मोठा ऐवज अडतो. आरएनएला हे धागे मुळीच मानवत नाहीत. एनएक्सएफ-१ चे मात्र त्यांच्याशी जमते. त्याच्या अंगावर अशा जागा आहेत की तो एक धागा धरतो, सोडतो, दुसरा धरतो आणि गर्दीतून वाट काढतो. त्याच्या आधाराने नक्कल पलीकडे जाते.

हे प्रत्यक्ष कोणी पाहिले आहे का, असे तुम्ही विचाराल. पाहिले आहे, आणि तेही एका क्षुद्र किड्यात. आपल्याकडे उन्हाळ्यात हौदात पाणी फार दिवस साठले की तळाशी तांबड्या दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या अळ्या वळवळतात. त्या एका न चावणाऱ्या चिलटाच्या अळ्या. त्याच कुळातल्या अळीच्या लाळग्रंथीत पस्तीस-चाळीस हजार अक्षरांचा एक प्रचंड निरोप तयार होतो, आणि त्याचे गाठोडे एवढे मोठे असते की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते एकेकटे दिसते. स्वीडनमध्ये बर्टिल डेनहोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे त्यांची चित्रे घेतली. गाठोडे दारापाशी येते, उलगडून फितीसारखे होते आणि टोपीचे डोके पुढे करून वाटेत शिरते. शेपटी आत असतानाच बाहेरचे कारागीर डोक्याला भिडलेले असतात. हौदातल्या त्या अळ्यांकडे मी तेव्हापासून जरा आदराने पाहतो. घरचे मात्र हौद घासायचाच आग्रह धरतात.

बाहेर गेलेली नक्कल परत आत का येत नाही? धाग्यांचे काय, ते दोन्ही बाजूंना सारखेच. उत्तर असे की, बाहेरच्या उंबरठ्यावर हमालाकडून माल उतरवून घेणारा बसलेला आहे. त्याचे नाव डीबीपी-५. पेशीचे इंधन खर्चून तो आरएनएवरून हमालाला सोडवतो. हमाल रिकाम्या हाताने आत परततो, आणि नक्कल बाहेरच राहते. डीबीपी-५ ला चेतवणारे ग्ले-१ नावाचे प्रथिन दारालाच खिळलेले असते. यीस्टमध्ये या ग्ले-१ ला एक छोटा मदतनीस लागतो, आणि तो ऐकून मला गंमत वाटली: फायटिक आम्ल. ज्वारीच्या, गव्हाच्या कोंड्यात असते तेच.

या साऱ्याला वेळ किती लागतो? २०१० मध्ये डेव्हिड ग्रुनवाल्ड आणि रॉबर्ट सिंगर यांनी उंदराच्या पेशीत एकेक निरोप्या प्रकाशाच्या ठिपक्यासारखा टिपला. दाराशी थांबण्यापासून पलीकडे सुटका होईपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्साही लागला नाही. त्यातही मधली वाट ओलांडायला अगदीच थोडा. बाकीचा वेळ आतल्या आणि बाहेरच्या उंबरठ्यावर, कागदपत्र पाहण्यात म्हणा ना! मामाला हे सांगितले तेव्हा त्याने तहसिलीविषयी जे उद्गार काढले, ते इथे छापता येणार नाहीत.

जिथे दार असते, तिथे ते अडवणारेही येतात. १९१८ च्या साथीत मध्यप्रांत आणि वऱ्हाडात फार माणसे दगावली, तो इन्फ्लुएंझा घ्या. या जातीचा विषाणू पेशीत शिरला की त्याचे एक प्रथिन नेमके एनएक्सएफ-१ ला जाऊन मिठी मारते. हमालच बांधला गेला की पेशीचे स्वतःचे निरोप आत तुंबतात. त्यांत 'शत्रू आला' हा निरोपही असतो. २०२० साली आलेल्या करोनाच्या विषाणूनेही एनएसपी-१ या प्रथिनाने त्याच हमालाला गाठल्याचे २०२१ मध्ये दिसून आले. पण त्याच वर्षी आपण हेच दार आपल्या बाजूनेही वापरले. जानेवारी २०२१ पासून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड लस गावोगाव पोचली. तिच्यात विषाणूच्या एका प्रथिनाचे जनुक डीएनएच्या रूपात असते. ते आपल्या पेशीच्या केंद्रकात जाते, आपल्या दप्तरात न मिसळता बाजूला राहते, त्याची नक्कल उतरते, तिला टोपी-शेपटी लागते आणि ती याच दारातून बाहेर पडते. ज्याने ज्याने ती लस घेतली, त्याच्या दंडात हे घडलेले आहे. उलट, जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळालेली पुण्याच्याच जिनोव्हा कंपनीची लस ही कारखान्यातूनच टोपी-शेपटी लावून आलेली नक्कल. तिला केंद्रकाच्या दाराशी जाण्याचे कारणच पडत नाही.

आता वावरात परत येऊ. बीटी कपाशीतले 'औषध' म्हणजे मातीतल्या एका जिवाणूचे प्रथिन. त्याचे जनुक कपाशीत घालायचे ठरले, तेव्हा पहिल्या खटाटोपात ते जवळजवळ मुके राहिले. जनुक तर आत बसलेले, पण पानात प्रथिन नाममात्र. हे कसं काय? कारण ते जनुक अशा घरातले, जिथे कचेरीच नाही. जिवाणूच्या मजकुरात ए आणि टी ही अक्षरे फार. जिवाणूला त्याचे काही वाटत नाही. पण वनस्पतीच्या केंद्रकातल्या कारकुनाला त्या मजकुरात जागोजाग 'येथे कापा' ही खूण दिसू लागली. मजकूर संपायच्या आतच 'इति' समजून तो कात्री चालवायचा आणि शेपटी जोडून मोकळा व्हायचा. अशी अर्धवट नक्कल बाहेर पडली काय आणि आत कुजली काय, तिच्यापासून पुरते प्रथिन होत नाही. १९९१ च्या सुमारास यावर जो उपाय निघाला, तो मला भाषेचा माणूस म्हणून फार भावला. त्यांनी अर्थ तोच ठेवून भाषा बदलली. प्रथिनाचा एकही घटक बहुधा न बदलता जनुकाचा मजकूर वनस्पतीच्या बोलीत पुन्हा लिहिला. फसव्या खुणा काढून टाकल्या. शेवटच्या कापाची खूण मात्र खरी हवी. ती सोयाबीनच्या एका जनुकातून घेतली. प्रथिन शंभर पटीपर्यंत वाढले. आमच्या भागात कपाशी मोडून सोयाबीन पेरणारे पुष्कळ आहेत. कपाशीच्या पेशीतही सोयाबीनचा एक शब्द आहे हे त्यांना ठाऊक नसेल.

एक बारकावा सांगतो. माणसातला एनएक्सएफ-१ हा हमाल वनस्पतींत जसाच्या तसा आढळत नाही. ॲली मात्र आहे. प्रयोगशाळेतल्या एका मोहरीवर्गीय रोपात तर तिच्या चार बहिणी आहेत. म्हणजे नक्कल तयार करण्याची रीत पुष्कळशी एक, पण तिला उचलणारे हात वेगळे.

मार्च २००२ मध्ये आपल्या शेजारच्या जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वाणांना परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन विषांची कपाशी आली. अळीने पान किंवा बोंड खाल्ले की विष तिच्या आतड्याच्या अस्तरावर कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटते आणि आतड्याला भोके पाडते. पण ते कॅडहेरिन अळीच्याच जनुकात लिहिलेले, तिच्याच केंद्रकातून नकलेच्या रूपाने बाहेर पडणारे! गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या विषाला दाद देत नाही हे २०१० मध्ये जाहीर झाले. पुढे भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या अळ्या तपासल्या, तेव्हा २०१४ मध्ये असे दिसले की त्यांच्या मूळ दप्तरात खाडाखोड झाली आहे, आणि त्यामुळे कॅडहेरिनच्या नकलेची काटछाट वाटेल तशी होते. कुठे कामाचा तुकडाच गळतो, कुठे नको तो राहतो. एकाच जनुकाच्या नाना प्रकारच्या मोडक्या नकला. त्यांपासून धड कॅडहेरिन होत नाही. मग विषाने चिकटावे कुठे? २०१८ मध्ये दुसऱ्या विषाच्या बाबतीतही, निराळ्या जनुकात, हेच बिघडलेले जोडकाम सापडले.

मामाच्या प्रश्नाचे उत्तर हे असे होते. पानात औषध होते. अळीच्या कचेरीतून नक्कल मात्र बिघडून निघत होती.

हे सगळे मी मामाला त्याच्या ओसरीवर बसून सांगितले. त्याने मुकाट ऐकले आणि नेमके विचारले, "मंग आता?" मी म्हणालो, "पिशवीबरोबर ती एकशेवीस ग्रॅमची लहान पुडी येते ना, साध्या सरकीची, तिचं काय करतोस?" मामा हसला. ती पुडी आमच्याकडे कोणी लावत नसे. चारशेपन्नास ग्रॅम बीटी पेरायचे आणि साध्या बियाण्याची पुडी ढोरांना टाकायची, नाहीतर सांदीत ठेवायची. फुकट जागा कोण अडवणार? पण तिचा हिशेब असा आहे. बांधाच्या कडेने साधी कपाशी असली की तिच्यावर साध्या अळ्या जगतात. त्यांचे पतंग बीटी कपाशीतून वाचलेल्या पतंगांशी जुळतात. पिल्लाला आईचे एक दप्तर आणि बापाचे एक. एकात खाडाखोड असली तरी दुसऱ्यातून शुद्ध नक्कल बाहेर पडते, कॅडहेरिन तयार होते, आणि विषाला चिकटायला जागा मिळते. असे पिल्लू बीटीवर मरते. साध्या पतंगांचा पुरवठाच तोडला, तर दोन्ही दप्तरे बिघडलेली पिल्ले वाढत जातात. आपल्याकडे झाले ते हेच.

इतक्या उशिरा त्या पुडीने सगळे पूर्ववत होईल असे मी मामाला सांगितले नाही. ते खरे झाले नसते. बाकीच्या गोष्टी कृषी खात्याचे लोक सांगतात त्याच: डिसेंबरनंतर फरदड ठेवायची नाही, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवायच्या नाहीत, डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट करायच्या, कामगंध सापळे लावायचे. पुढच्या जूनमध्ये मामाने मात्र ती पुडी चारी बांधांच्या कडेने लावली. शेजाऱ्याने विचारले, "हे काऊन?" मामाने त्याला माझ्याकडे पाठवून दिले. तो आला तेव्हा मी घरी नव्हतो. म्हणून हा लेख त्याच्यासाठी.